रे रोडच्या मुलीनं व्हॉलीबॉल निवडलं तर

रे रोड, कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबाग या पट्ट्यात मुलगी चपळ निघाली की घरचे तिला कबड्डीच्या मंडळात नेतात, नाहीतर खो-खोसाठी दादरला पाठवतात. नागपाड्याच्या बाजूला राहणाऱ्या मुली बास्केटबॉलकडे वळतात. ते साहजिकच आहे. या खेळांची मंडळं, मैदानं, जुने खेळाडू हाकेच्या अंतरावर आहेत; काही अडलं तर कुणाच्या घरी जायचं हे माहीत असतं. व्हॉलीबॉलला इथे तसा आधार नाही. हा खेळ मुलीच्या वाट्याला येतो तो बहुतेक वेळा शाळेतल्या एखाद्या क्रीडाशिक्षकांमुळे, आणि तोही आठवी-नववीत ती वर्गातल्या सगळ्यांपेक्षा उंच दिसायला लागली की. "उंच आहेस, ये, जाळीजवळ उभी राहा," एवढ्यावर निवड होते. जी उंच नाही तिला कुणी विचारत नाही.

या दोन्ही मुलींचं त्यात नुकसान होतं. उंच मुलगी दोन वर्षं फक्त स्मॅश मारते आणि जिल्ह्याच्या वर गेली की तिचं घोडं अडतं, कारण समोरून आलेली सर्व्हिस तिला उचलता येत नाही. बुटकी मुलगी खेळात येतच नाही. म्हणून हा लेख लिहिताना माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: व्हॉलीबॉलमध्ये वरच्या पातळीवर दहा-पंधरा वर्षं टिकायचं असेल तर सगळ्यात आधी चेंडू उचलायला शिका. बाकीचं सगळं त्यावर उभं राहतं, नोकरीसुद्धा.

महिला व्हॉलीबॉलमधली अलीकडची सगळ्यात मोठी कारकीर्द म्हणजे दक्षिण कोरियाची किम यॉन-क्युंग. १९८८ चा जन्म, उंची १९२ सेंटिमीटर. आकडा वाचून वाटेल की हिला काय, देवानंच दिलं. पण शाळेत ती ठेंगणी होती. उंच मुलींपुढे तिला मारायची संधी मिळेना, म्हणून ती चेंडू उचलणं, सेट करणं, मागच्या रांगेत बचाव करणं हेच करत राहिली. मग हायस्कूलच्या वर्षांत ती वीसेक सेंटिमीटर वाढली. तोवर हात तयार झालेले होते. अशी खेळाडू जगात दुर्मीळ असते: जाळीवरून मारते अव्वल आक्रमकासारखी आणि सर्व्हिस उचलते लिबेरोसारखी, म्हणजे फक्त बचावासाठी असलेल्या खेळाडूसारखी. कोरियात सुरुवात करून ती जपानला गेली, तिथून २०११ मध्ये तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबमध्ये, पुढे शांघायला, पुन्हा इस्तंबूलला, आणि शेवटी मायदेशी. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोरिया चौथा आला, तरी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. २०२५ मध्ये तिनं खेळ थांबवला तोही आपल्या संघाला कोरियन लीगचं विजेतेपद मिळवून देऊन. सदतिसाव्या वर्षी नुसत्या उडीच्या जोरावर असं खेळता येत नाही.

लंडनमध्ये कोरियाचं कांस्यपदक हुकलं ते जपानमुळे. त्या जपानी संघाची सेटर, म्हणजे मारणारीसाठी चेंडू वर लावून देणारी, होती योशिए ताकेशिता. उंची १५९ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट अडीच इंच. आपल्याकडे कुठल्याही वर्गात मधल्या बाकावर बसणारी मुलगी. २००६ च्या जागतिक स्पर्धेत जपान सहावा आला, पण स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ताकेशिताची. लंडनचं ते कांस्य हे जपानी महिला संघाचं २८ वर्षांनंतरचं पहिलं ऑलिंपिक पदक. त्या संघाची लिबेरो युको सानो हीही तेवढ्याच उंचीची.

लिबेरो ही जागा आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये १९९८ मध्ये आली. वेगळ्या रंगाची जर्सी घालून खेळते ती. तिला ब्लॉक करता येत नाही, जाळीच्या उंचीवरून चेंडू मारता येत नाही. तिचं काम फक्त उचलायचं आणि वाचवायचं. महिलांची जाळी २.२४ मीटर असते, पुरुषांची २.४३. मिडल ब्लॉकर व्हायचं असेल तर उंची लागतेच, त्यात स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. पण सहा जणींच्या संघात सेटर आणि लिबेरो या दोन जागा अशा आहेत की जिथे हात, नजर आणि डोकं यांचीच परीक्षा होते. आपल्याकडच्या सरासरी उंचीच्या मुलीनं या जागांकडे गंभीरपणे बघावं.

आता उचलणं शिकायचं कसं. मैदान नाही, कोर्ट नाही, गोदामं आणि ट्रक यांच्यामध्ये राहतो, अशी तक्रार रास्त आहे. पूर्ण कोर्ट १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, शिवाय चहूबाजूंनी मोकळी जागा. एवढी सपाट जमीन या भागात मिळणं कठीण. पण उचलण्याचा पहिला वर्षभराचा सराव एका भिंतीवर होतो. सोसायटीची मागची भिंत चालेल, गच्ची चालेल, शाळा सुटल्यावरचं रिकामं पटांगण चालेल.

हात असे: दोन्ही मनगटं जवळ, अंगठे एकमेकांना समांतर आणि खाली झुकलेले, कोपर ताठ. चेंडू मनगटाच्या वर, हाताच्या सपाट भागावर घ्यायचा. मुठीवर घेतला की कुठे जाईल त्याचा नेम नाही. गुडघे वाकलेले, वजन पायाच्या पुढच्या भागावर. भिंतीपासून तीन-चार पावलांवर उभं राहून चेंडू भिंतीवर पाठवायचा, परत आला की पुन्हा पाठवायचा, खाली पडू न देता. हात वर फेकायचे नाहीत. चेंडू ढकलायचा तो पायांनी. नवशिक्या मुली इथेच चुकतात: चेंडू आला की हात झटकतात आणि तो छताला जातो. ज्या दिवशी मुलीला कळतं की हात फक्त कोन देतात आणि जोर मांड्यांतून येतो, त्या दिवसापासून ती खेळाडू व्हायला लागते.

हे जमलं की भिंतीवर खडूनं एक चौकोन काढावा, डोक्याच्या थोडा वर. आता चेंडू नुसता परतवायचा नाही, चौकोनातच पाठवायचा. मग पाठीमागून कुणीतरी चेंडू फेकावा, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी अगदी पायाशी. आधी पाय हलले पाहिजेत, मग हात जोडले गेले पाहिजेत. हात जोडून धावणारी मुलगी उशिरा पोहोचते. सामन्यात सर्व्हिस सुटल्यापासून तुमच्या हातावर येईपर्यंत जेमतेम एक सेकंद मिळतो, आणि फ्लोट सर्व्हिस असेल तर चेंडू हवेत थरथरत दिशा बदलतो. म्हणून नजर सर्व्हिस करणारीच्या खांद्यावर आणि तळव्यावर ठेवायची, नुसत्या चेंडूवर नाही. ही सवय मोठ्या खेळाडूंचे सामने मोबाइलवर बघतानाही लावून घेता येते: एक सेट बघायचा तो फक्त लिबेरोकडे बघत. चेंडू तिच्याकडे येण्याआधी ती काय करते?

साध्या रबरी चेंडूवर शिकू नये. प्रमाणित चेंडूचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर आणि वजन २६० ते २८० ग्रॅम असतं. जास्त हवा भरलेला कडक चेंडू असेल तर मुलीचे हात लाल होतात आणि तिला चेंडूची धास्ती बसते. घरात एक बरा चेंडू आणि एक पंप, सुरुवातीचा खर्च एवढाच. बूट मात्र चांगले घ्या. त्याबद्दल पुढे सांगतो.

या खेळाच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की ती गिरणगावातल्या माणसाला लगेच आपली वाटावी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं. महिलांचं सुवर्ण जपाननं जिंकलं, २३ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाला हरवून. त्या संघातल्या बहुतेक जणी ओसाकाजवळच्या काइझुका इथल्या निचिबो या कापड गिरणीच्या कामगार होत्या. दिवसा कंपनीचं काम, दुपारनंतर मध्यरात्रीपर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु, कर्णधार मासाए कासाई. उंच रशियन मुलींपुढे त्यांनी काय केलं? चेंडू जमिनीला लागू दिला नाही. चेंडूवर झेपावायचं, तो उचलायचा, खांद्यावरून कोलांटी घ्यायची आणि त्याच वेगात पायांवर उभं राहायचं, ही त्यांची 'फिरती रिसीव्ह' जगानं नंतर शिकून घेतली.

या गोष्टीतून आपण दोन धडे घ्यायचे आणि एक नाकारायचा. पहिला धडा बचावाचा, तो वर सांगितला. दुसरा असा की खेळाडूच्या पाठीशी पगार देणारी संस्था लागते. आपल्याकडेही गिरण्या, गोदी, बेस्ट, रेल्वे, बँका यांच्या संघांनी मुंबईचे खेळाडू पोसले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ते संघही गेले. रेल्वे राहिली. नाकारायचा धडा दाइमात्सुंच्या सरावाचा. दुखापत असताना खेळवणं, मुली कोसळेपर्यंत चेंडू मारत राहणं, पाळीच्या दिवसांतही सूट नाही, ही त्यांची पद्धत होती. त्यांच्याच देशात त्यावर टीका झाली. आजही काही ठिकाणी "आमच्या वेळी असंच होतं" म्हणून तेच चालतं. तसं दिसलं तर मुलीला तिथून काढा. मी हे जोर देऊन लिहितो आहे, कारण मुलींच्या व्हॉलीबॉलमध्ये कारकीर्द संपते ती बहुतेक वेळा गुडघ्यात.

गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा स्नायुबंध फाटण्याचं प्रमाण उड्या मारण्याच्या खेळांत मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त आहे, आणि तो फाटतो तो बहुतेकदा कुणाचा धक्का न लागता, चुकीच्या पद्धतीनं जमिनीवर येताना. एका पायावर पडणं, गुडघा सरळ ताठ असणं, किंवा गुडघा आतल्या बाजूला वळणं ही कारणं. हे घरी तपासता येतं. मुलीला जिन्याच्या एका पायरीवर उभं करा, तिथून दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि तीन मोजेपर्यंत तसंच थांबायला सांगा. समोरून मोबाइलवर चित्रीकरण करा. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले तर ठीक. एकमेकांकडे झुकले तर मांड्या, नितंब आणि कंबर यांची ताकद वाढवायला हवी. त्यासाठी फिजिओथेरपिस्टचा सल्ला एकदा तरी घ्या, तो पुढच्या शस्त्रक्रियेपेक्षा फार स्वस्त पडतो. उडी किती उंच यापेक्षा पाय जमिनीला टेकताना आवाज किती येतो याकडे लक्ष द्यायला शिकवा. धप्प आवाज म्हणजे सगळा भार सांध्यांवर.

आपल्या भागात बहुतेक सराव सिमेंटवर किंवा फरशीवर होतो. त्यावर रोज स्मॅशचा सराव करणं म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा दुखवून घेणं. कठीण जमीन असेल तर त्या दिवशी उड्या कमी, उचलणं आणि सेट जास्त, असं वाटून घ्यावं. बुटांचा तळ जाड आणि घसरणार नाही असा हवा, धावण्याचे बूट चालणार नाहीत कारण इथे बाजूला हालचाल जास्त. घोटा मुरगळतो तो जाळीखाली, समोरच्या खेळाडूच्या पायावर पाय पडून. ब्लॉक करून सरळ खाली येण्याची सवय लहानपणीच लावली तर त्यातला मोठा भाग टळतो. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, त्यात दुमत नको.

खाण्याचं म्हणाल तर रे रोडला नशिबानं भाऊचा धक्का जवळ आहे. १०० ग्रॅम बांगड्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. मासे-अंडी न खाणाऱ्यांसाठी उसळी, चणे-शेंगदाणे, दूध, पनीर. हाडांसाठी नाचणी, लोहासाठी अळीव आणि पालेभाज्या, त्यावर लिंबू पिळून. डब्यांची महागडी पावडर लागत नाही. ती घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, कारण राष्ट्रीय पातळीवर उत्तेजक चाचणी होते आणि सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतही प्रतिबंधित द्रव्यं असतात. मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर "खेळते म्हणून असेल" असं समजून सोडून देऊ नका. शरीराला खर्चाच्या मानानं अन्न कमी पडतंय याची ती खूण असू शकते; पुढे हाडं ठिसूळ होतात. हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासा, १२ च्या खाली असेल तर उपचार घ्या.

आता शिडी. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात: जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. रे रोड मुंबई शहर जिल्ह्यात येतं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय धारावीच्या क्रीडा संकुलात आहे. हार्बरची गोरेगाव गाडी रे रोडवरून थेट माहीमला जाते, तिथून जवळ पडतं. शाळेनं संघाची नोंदणी वेळेत केली की नाही हे पालकांनी जूनमध्येच विचारावं. मुदत गेल्यावर कितीही रडलं तरी उपयोग नसतो, आणि मुलीचं एक वर्ष वाया जातं. शाळेत व्हॉलीबॉल नसेल तर क्रीडाशिक्षकांना भेटा. सहा-सात मुली आणि एक चेंडू असेल तर संघ होतो. त्याच्या जोडीला जिल्हा संघटनेच्या सब-ज्युनियर आणि ज्युनियर निवड चाचण्या असतात. कॉलेजात गेल्यावर विद्यापीठाचा संघ हा मोठा दरवाजा आहे आणि तो उघडायला उंची, जात, पैसा काही लागत नाही, फक्त कॉलेज निवडताना तिथे मुलींचा संघ आहे का ते बघावं लागतं. नुसत्या टक्क्यांवर कॉलेज निवडून खेळ बंद झालेल्या मुली दरवर्षी दिसतात.

कागदपत्रांच्या बाबतीत मुंबईतली घरं फार ढिली असतात. पहिल्या जिल्हा स्पर्धेपासून प्रत्येक प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून एका फाइलमध्ये लावा, दोन झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो ठेवा. प्रमाणपत्र हातात पडल्याबरोबर तीन गोष्टी वाचा: नावाचं स्पेलिंग जन्मदाखला आणि आधार कार्डाप्रमाणे आहे का, स्पर्धेचं वर्ष आणि गट लिहिलाय का, देणाऱ्या संघटनेचा शिक्का आणि सही आहे का. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. पाच वर्षांनी सही करणारे अधिकारी निवृत्त झालेले असतात. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरतं अशा घरांनी फाइल वरच्या फळीवर ठेवावी. वय कमी दाखवून खालच्या गटात खेळवण्याचा मोह कुणी दाखवला तर ठाम नकार द्या. दोन पदकं मिळतील, पण पुढे वयाच्या तपासणीत सगळीच कारकीर्द खोटी ठरते.

या कागदांची किंमत खरी आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला दरमहा १०,००० रुपये भत्ता असतो. मात्र स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची हवी. व्हॉलीबॉलमध्ये हे जास्तच जपावं लागतं, कारण भारतीय महासंघाच्या कारभारावरून गेल्या काही वर्षांत वाद झाले, प्रकरणं कोर्टात गेली, हंगामी समित्या आल्या. एकाच नावाच्या दोन स्पर्धा भरत असतील तर पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा की यातली कुठली ग्राह्य धरली जाते.

नोकरीबद्दल सरळ बोलू. व्यावसायिक लीग पुरुषांची आहे. प्राइम व्हॉलीबॉलमध्ये मुंबईचा संघही उतरला, पण तो मुलांचा. भारतात मुलगी व्हॉलीबॉलवर पोट भरते ती नोकरीतून, आणि त्यात रेल्वे सगळ्यात पुढे. राष्ट्रीय स्पर्धेच्या महिला गटात वर्षानुवर्षं रेल्वे आणि केरळ यांचीच गाठ पडत आली आहे. केरळात हे का जमलं ते बघण्यासारखं आहे: तिथे शाळा-कॉलेजांची वसतिगृहं आहेत, पोलीस आणि वीज मंडळासारख्या खात्यांचे महिला संघ आहेत, त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलीला आपल्यापुढे नोकरी करणारी वीस-पंचवीस वर्षांची खेळाडू रोज दिसते. महाराष्ट्राच्या मुलींना ते चित्र क्वचित दिसतं, म्हणून त्या एकोणिसाव्या वर्षी सोडून देतात.

मध्य रेल्वेचं मुख्यालय रे रोडहून चौथं स्टेशन. पश्चिम रेल्वेचं चर्चगेटला. खेळाडूंच्या भरतीच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर येतात. वयाची अट साधारण १८ ते २५. जाहिरातीत दिलेल्या तारखेनंतरचीच कामगिरी धरली जाते, त्यामुळे जुन्या पदकांवर विसंबून दोन वर्षं घरी बसलेली मुलगी बाद होते. आणि जाहिरातीत बऱ्याचदा जागाही लिहिलेली असते: सेटर हवी, लिबेरो हवी, अटॅकर हवी. इथे सुरुवातीचा मुद्दा कामाला येतो. अटॅकरच्या एका जागेसाठी रांग लागते. खरोखर चांगली सर्व्हिस उचलणारी मुलगी मात्र निवड समितीला शोधावी लागते. चाचणीत उड्या आणि धावणं मोजतील, पण सामना खेळवतील तेव्हा तिसऱ्या-चौथ्या चेंडूला त्यांना कळलेलं असतं की हिचा हात बसलेला आहे. बारावी किंवा पदवी पूर्ण असेल तर अर्जाची दारं वाढतात, म्हणून शिक्षण अर्धवट सोडू नये.

परदेशातल्या लीग, इटली, तुर्कस्तान, जपान, हे स्वप्न बघायला हरकत नाही. पण तिथे वाट जाते ती आधी भारतीय संघातून आणि मग आशियाई स्पर्धांतल्या कामगिरीतून. "परदेशी क्लबमध्ये घालतो" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहा. क्लब खेळाडूला पैसे देतो, तिच्याकडून घेत नाही.

सुरक्षिततेचं बोलणं घरात टाळलं जातं. ते टाळू नका. सराव किती वाजता संपतो, परत कुणाबरोबर येते, बाहेरगावच्या स्पर्धेला संघाबरोबर महिला व्यवस्थापक आहे का, राहण्याची सोय कुठे, हे लेखी मागा. रात्री रे रोड स्टेशनबाहेरचा गोदामांचा रस्ता निर्मनुष्य असतो. दोघी-तिघींनी एकत्र यावं किंवा कुणी न्यायला जावं. प्रशिक्षकानं तंत्र सांगताना हात लावावा लागला तर आधी विचारून, सगळ्यांसमोर. एकटीला खोलीवर बोलावणं, रात्रीचे संदेश, "घरी सांगू नकोस" हे शब्द, यांपैकी काहीही दिसलं तर तक्रार करा. अठरा वर्षांखाली पॉक्सो कायदा आहे, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा यांचाही स्पष्ट समावेश आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलीला एवढं ठाऊक असायला हवं की तक्रार केली म्हणून घरचे तिचा खेळ बंद करणार नाहीत. नाहीतर ती बोलणारच नाही.

लग्नाचा प्रश्न घरोघरी येतो. टोकियोचं सुवर्ण जिंकलेली कर्णधार कासाई तेव्हाचे पंतप्रधान साटो यांना भेटली तेव्हा तिनं सांगितलं की सरावात मुलं बघायला वेळच मिळाला नाही. मग साटोंनीच तिला स्थळ सुचवलं आणि तिचं लग्न झालं. साठ वर्षांपूर्वी खेळ आणि संसार यांत एकच निवडावं लागे. आज लग्नानंतर, बाळंतपणानंतर खेळाडू परत येतात, जगातही आणि आपल्या कबड्डी-अॅथलेटिक्समध्येही. बोलणी करताना "खेळू द्याल ना" एवढ्यावर थांबू नका. सकाळी सरावाला जाताना स्वयंपाक कोण करील, महिनाभराच्या शिबिराला जाताना काय, बदली झाली तर काय, हे विचारा. उत्तरं तिथेच कळतात.

खेळणं थांबल्यानंतरची तयारी खेळतानाच सुरू करावी. ताकेशिता निवृत्त झाल्यावर जपानमधल्या हिमेजीच्या नव्या क्लबची प्रशिक्षक झाली. आपल्याकडे पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षणाचा डिप्लोमा आहे, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे; चेन्नईत आंतरराष्ट्रीय महासंघाचं विकास केंद्र आहे. पंचांच्या परीक्षा राज्य संघटना घेते. सामन्याची आकडेवारी मांडणारे विश्लेषक हे नवं काम आहे, त्याला गणिताची आवड असलेली मुलगी लागते. मुंबई शहराच्या शाळांमध्ये मुलींना व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या बायका फार कमी आहेत. रेल्वेत नोकरी लागलेल्या मुलीनं रजा काढून तो सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला आणि रविवारी सकाळी काळाचौकीच्या मैदानावर दोन तास दिले, तर शिकायला येणाऱ्या मुलींच्या आयांना "बाई आहेत का शिकवायला?" या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळेल.